बुंददाण्याच्या गावी

पुण्यातल्या एका दुकानातून कॉफीचं पाकीट आणलं होतं. त्यावर लिहिलेलं: यिर्गाचेफे, इथिओपिया, वॉश्ड, ग्रेड 1. उंची, चव, भाजल्याची तारीख, सगळं होतं. बाग कुणाची ते नव्हतं. माझं माहेर देवगडचं. आमच्याकडे आंब्याच्या पेटीवर बागायतदाराचं नाव, गाव आणि मोबाइल नंबर असतो, आणि नसला तर गिऱ्हाईक आधी तेच विचारतं. एवढी महागाची कॉफी आणि मालकाचा पत्ता नाही? हा प्रश्न मी घरी इतक्यांदा विचारला की शेवटी नवऱ्याने तिकिटं काढली. तो पक्का चहाबाज, पण प्रवास म्हटला की कशालाही तयार.

दिवस पहिला : अदिस अबाबा

मुंबईहून साडेपाच तासांत अदिस. घड्याळ अडीच तास मागे घेतलं. कॅलेंडरही मागे घ्यावं लागतं हे विमानतळावरून हॉटेलात जाताना कळलं. आमच्या लेखी 2019 चा डिसेंबर होता, त्यांच्या लेखी 2012. आमचं लग्न 2013 चं. "म्हणजे आत्ता मी सडाफटिंग," असं म्हणून नवऱ्याने हॉटेलात ताणून दिली.

अदिस समुद्रसपाटीपासून 2300 मीटरच्या वर आहे. जिना चढताना दम लागतो आणि तो वयावर ढकलायचा की उंचीवर हे कळत नाही. संध्याकाळी पियाझा भागात टोमोकात गेलो. 1953 पासूनचं हे कॉफीघर. बसायची फारशी सोय नाही, उंच टेबलांपाशी उभ्यानेच प्यायची. इटालियन फौजा इथे 1936 ते 1941 एवढीच वर्षं टिकल्या, पण जाताना यंत्रं आणि माकियातो हा शब्द ठेवून गेल्या. माकियातो म्हणजे कडक कॉफीवर दुधाचा फेस. छान होती. पण माझ्या पाकिटातल्या कॉफीशी तिचं काही नातं लागेना. ही काळीकुट्ट, कडू, भरभक्कम. माझी हलकी, फुलांच्या वासाची.

सगळीकडे एकच शब्द कानावर येत होता, बुना. इथे कॉफीला कॉफी म्हणत नाहीत, बुना म्हणतात. अरबीत बियांना बुन. आणि माझ्या डोक्यात एकदम आजोबांची वाणसामानाची वही उघडली. लवंग, वेलदोडे, आणि त्याखाली 'बुंद अर्धा शेर'. लहानपणी मला वाटायचं आजोबा बुंदीतला ईकार विसरले. जुन्या मराठीत कॉफीच्या बियांना बुंद, बुंददाणे म्हणत. तो शब्द इथे रस्त्यावर जिवंत हिंडत होता.

दिवस दुसरा : अदिस अबाबा

राष्ट्रीय संग्रहालयात 32 लाख वर्षांपूर्वीची ल्यूसी, म्हणजे माणसाच्या पूर्वजाचा सांगाडा, पाहिली. एवढीशी.

दिवस लक्षात राहिला तो जेवणाने. इथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचा नाताळ जानेवारीत येतो आणि त्याआधी चाळीसहून जास्त दिवस उपवास. मांस, अंडी, दूध, तूप, सगळं वर्ज्य. म्हणजे आमच्यासारख्या शाकाहाऱ्यांची चंगळ. उपवासाचं ताट मागितलं की परातीएवढा इंजेरा येतो. इंजेरा म्हणजे टेफ नावाच्या खसखशीएवढ्या धान्याची आंबवलेली, जाळीदार, भलीमोठी आंबोळी. तिच्यावर डाळी, पालेभाज्या, बीट आणि मधोमध शिरो. नावावर जाऊ नका, शिरो म्हणजे चक्क पिठलं, फक्त लाल मसाल्याचं. नवऱ्याने दोन दिवसांत पहिल्यांदा समाधानाने मान हलवली.

दुपारी हॉटेलच्या कोपऱ्यावर एक बाई रस्त्याकडेला बुटक्या स्टुलावर शेगडी मांडून बुना विकत होती. पाच बिर कप. कपात तिने एक हिरवी काडी टाकली. वास घेतला आणि हात थांबला. सताप! आमच्या परसात आजीने लावलेला, तान्ह्या पोराच्या सर्दीवर हमखास निघणारा सताप. इथे त्याला टेना आदाम म्हणतात आणि कॉफीत बुडवतात.

दिवस तिसरा : अदिस ते हवासा

ड्रायव्हर आदल्या दिवशी फोनवर म्हणाला होता, "बारा वाजता येतो." आम्ही निवांत झोपलो. सकाळी सहाला दारावर थाप. तो गाडी पुसून तयार, आम्ही अवतारात. इथलं घड्याळ सूर्याबरोबर सुरू होतं. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, आणि सहा म्हणजे बारा. चूक कुणाचीच नव्हती, पण घाईत अंघोळी मात्र राहिल्या.

मोजोपर्यंत द्रुतगती मार्ग, मग दक्षिणेला वळायचं. अंतर पावणेतीनशे किलोमीटर. डावी-उजवीकडे खचदरीतली तळी. ड्रायव्हर बोलका होता. शेळ्यांची गोष्ट त्याने अर्थातच सांगितली: काल्दी नावाचा गुराखी, त्याच्या शेळ्यांनी लाल फळं खाल्ली आणि नाचू लागल्या. इथे प्रत्येक वाटाड्या ती सांगतो. ही गोष्ट छापून आली ती 1671 मध्ये, रोममध्ये. आपल्याकडे शिवराज्याभिषेकाला अजून तीन वर्षं होती. शेळ्यांचं काही असो, अरेबिका कॉफीचं मूळ नैऋत्य इथिओपियाच्या जंगलांत आहे याबद्दल वनस्पतिशास्त्रज्ञांत वाद नाही. काफा, इल्लुबाबोर या भागांत ती आजही रानात आपसूक उगवते. तिकडे जायला आमच्याकडे दिवस नव्हते. ते राहिलंच.

मी त्याला विचारलं, तुम्ही स्वतःला काय म्हणता? तो म्हणाला, "हबेशा. सगळे नाही म्हणत, पण पुष्कळजण म्हणतात." हबेशा, हबशी. मी त्याला जंजिऱ्याच्या सिद्दीचं सांगितलं, त्या मुलखाला आमच्या कागदपत्रांत हबसाण म्हणत तेही सांगितलं. मग मलिक अंबर. सोळाव्या शतकाच्या मध्याला या देशात जन्मलेला मुलगा, गुलाम म्हणून विकला जात जात अहमदनगरच्या निजामशाहीत पोचतो, तिचा वजीर होतो, मोगलांना गनिमी काव्याने रडवतो, 1610 मध्ये खडकी वसवतो, म्हणजे नंतरचं औरंगाबाद, आणि तिला नहरीने पाणी आणतो. त्याचा जन्म कुणी हरारचा सांगतं, कुणी कंबाटाचा.

"कंबाटा?" ड्रायव्हरने पश्चिमेकडे हात केला. "ते काय, त्या डोंगरांच्या पलीकडे."

पुढे कितीतरी वेळ मी त्या डोंगरांकडे बघत होते. मलिक अंबरला विकलं गेलं ते मोखाच्या बाजारात, असं सांगतात. मोखा म्हणजे तांबड्या समुद्रापलीकडचं येमेनचं बंदर. पुढे त्याच मोख्यातून जगाला कॉफी गेली. बाबा बुदनने 1670 च्या सुमाराला चिकमगळूरच्या डोंगरावर लावलेले सात दाणेही तिथलेच, अशी आख्यायिका. माणूस काय, दाणा काय, या डोंगरातून आपल्याकडे यायची वाट एकच.

हवासात तळ्याकाठी मुक्काम. मासळीबाजारात माणसाच्या छातीएवढे उंच, टकले करकोचे कोळ्यांच्या पायांत घुटमळत असतात, आमच्या बंदरावर मांजरं घुटमळतात तसे. महिनाभरापूर्वीच इथे सिदामा लोकांनी स्वतंत्र प्रांतासाठी कौल दिला होता.

दिवस चौथा : यिर्गाचेफे

हवासा सोडल्यावर रस्ता चढत जातो. दिला गाव मागे पडलं आणि डोंगर एकदम दाट झाले. मी बागा शोधत होते. एका रेषेत लावलेली झाडं, कुंपण, फाटक, पाटी. काहीच दिसेना. नुसती घरं आणि घरांभोवती जंगल.

"कॉफीची बाग कधी येणार?" मी विचारलं.

"एक तास झाला, आपण बागेतूनच चाललोय."

गाडी थांबवून उतरलो. वर वांझा आणि इतर उंच झाडांची सावली. त्याखाली केळीसारखं काहीतरी. ते केळ नव्हे, एन्सेत. आपल्या सह्याद्रीच्या कड्यांवर पावसाळ्यात रानकेळ म्हणजे कवदर उगवते, तिचीच ही बहीण. फळ खात नाहीत. बुंधा आणि गड्डा किसून, जमिनीत पुरून आंबवतात आणि त्याची भाकरी करतात. आणि त्या एन्सेतच्या आडोशाला, अनंताच्या पानांसारखी चकचकीत हिरवी पानं असलेली, लाल फळांनी लगडलेली कॉफीची झाडं. अनंताचं आणि कॉफीचं कूळ खरंच एक आहे. गेदेओ लोकांनी ही तीन मजली शेती पिढ्यानपिढ्या सांभाळली आहे. पुढे 2023 मध्ये युनेस्कोने या प्रदेशाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. आम्ही गेलो तेव्हा तिथे एकही फलक नव्हता आणि ते बरंच होतं.

आम्ही उभे होतो ती जागा 1900 मीटरवर होती. कळसूबाईचं शिखर 1646. आपल्या सर्वांत उंच टोकाच्या कितीतरी वर यांचं परसदार.

दुपारी एका धुलाई केंद्रावर गेलो. फळ सकाळी तोडतात, त्यामुळे केंद्र खरं जागं होतं ते दुपारनंतर. बायका पाठीवर पोती घेऊन, पोरं गाढवं हाकत येतात. कुणाचं पंधरा किलो, कुणाचं चाळीस. काट्यावर टाकायच्या आधी कच्ची हिरवी फळं तिथेच वेचून बाजूला. मी एक पिकलं फळ तोंडात टाकलं. पातळ सालीखाली जेमतेम गर, गोडसर, चोखताच संपतो. आत बुळबुळीत वेष्टनात दोन बिया पोटाला पोट लावून.

पुढचं काम पाण्याचं. चक्रीच्या यंत्रात साल निघते आणि बुळबुळीत बिया हौदात पडतात. दीड-दोन दिवस आंबू द्यायच्या, म्हणजे तो चिकटा सुटतो. मग लांबलचक पन्हळीत पाणी सोडून लाकडी फावड्यांनी ढकलत धुवायच्या. हलक्या बिया तरंगत पुढे जातात, जड तळाला राहतात. बिया घासल्या जाऊन खरखरल्या की धुतल्या गेल्या, ही खूण. गुडघाभर पाण्यात गडी एका ठेक्यात फावडी मारत गात होते. नवरा म्हणाला, भातलावणीची आठवण झाली. वास मात्र वेगळाच. उग्र, आंबूस, थोडा पिकून पडलेल्या फणसाचा, थोडा ताडीचा. कपड्यांतून तो पुण्याला पोचेपर्यंत गेला नाही.

धुण्याची ही पद्धत इथे 1970 च्या दशकात आली. त्याआधी फळ आहे तसं उन्हात वाळवायचे. ती पद्धतही आहेच.

मग माच. कंबरेएवढ्या उंचीचे, जाळी घातलेले, डोंगरउतारावर शेकडो हात पसरलेले. त्यावर टरफलातल्या बिया वाळत असतात आणि दोन्ही बाजूंनी बायका त्या सतत हलवतात, वाईट दाणा वेचतात. दहा-बारा दिवस. दुपारच्या कडक उन्हात झाकायच्या, नाहीतर टरफल तडकतं. रात्री दवापासून झाकायच्या. मी बघत राहिले, कारण हे मला कुणी शिकवायला नको होतं. सुपारी, आमसुलं, आंबोशी. ढग दिसला की सगळं सोडून खळ्याकडे धावणारी आई.

आणि इथेच माझ्या पाकिटाच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. केंद्रावरच्या माणसाला मी विचारलं, हा माल कुणाच्या बागेतला? त्याला प्रश्नच समजेना. मग हसून त्याने सगळ्या डोंगराकडे हात फिरवला. इथल्या बहुतेक शेतकऱ्यांकडे हेक्टरभरसुद्धा जमीन नाही. एका केंद्रात शेकडो घरांचं फळ एका हौदात पडतं. साधारण सहा किलो फळांची एक किलो कॉफी होते. म्हणजे पंधरा किलोचं पोतं घेऊन आलेल्या त्या पोरीच्या घरची कॉफी अडीच किलो. तिचं नाव पाकिटावर घालायचं तर पाकीट नव्हे, मतदारयादी छापावी लागेल.

दिवस पाचवा : यिर्गाचेफे

ड्रायव्हरच्या ओळखीच्या एका घरी गेलो. घरच्या मालकीणबाई साठीच्या असाव्यात. ड्रायव्हर त्यांना 'एमामा' म्हणत होता, आपण मावशी म्हणतो तसं. दोघांचं बोलणं आणि आमच्यासाठी त्याचं भाषांतर.

आधी परसात फेरफटका. मी विचारलं, ही कोणती जात? बाई झाडागणिक थांबल्या. हे बारीक पानाचं, लहान फळाचं, ते कुरुमे. ते उंच, मोठ्या फळाचं, वोलिशो. ते देगा. आणि हे कोपऱ्यातलं सरकारी. सरकारी म्हणजे जिम्माच्या संशोधन केंद्राने दिलेलं. 1971 मध्ये इथे फळं काळी पाडणारा बुरशीचा रोग आला. केंद्राच्या लोकांनी जंगलं पालथी घालून, रोगात टिकलेली झाडं निवडून त्यांची रोपं केली. त्यांना नावं नाहीत, आकडे आहेत: 74110, 74112. पहिले दोन आकडे निवडीच्या वर्षाचे. परदेशी पाकिटांवर या सगळ्या गोतावळ्याला एकच शब्द असतो, 'हेअरलूम', म्हणजे वडिलोपार्जित. घरातल्या चार सुनांना नुसतं 'बायका' म्हणावं तसं.

मग आत. जमिनीवर ताजं गवत पसरलेलं, कोपऱ्यात निखाऱ्यांवर धुपाचा खडा. बाईंच्या सुनेने हिरवे दाणे धुतले आणि लोखंडी तव्यावर टाकले. हे दाणे केंद्रावरचे नव्हते. घरच्यासाठी ठेवलेलं फळ अंगणात वाळवून, उखळात कांडून काढलेले. लहानमोठे, काही फुटके. ती सळईने ते हलवत राहिली. हिरव्याचे पिवळे, पिवळ्याचे तपकिरी, मग तडतड, मग तेल सुटून काळे. मी मनात म्हणत होते, आता काढ, जळतील. पुण्यात मी पहिल्या तडतडीनंतर मिनिटभरात काढलेली कॉफी पिते. तिने काढले नाहीत. चांगले काळे झाल्यावर तवा उचलला आणि धुराचा लोट प्रत्येकाच्या नाकाशी नेला. हाताने धूर स्वतःकडे ओढून घ्यायचा, आरती घेतो तसा.

उखळात कुटून पूड केली आणि जेबेनात घातली. जेबेना म्हणजे काळ्या मातीचा, गोल बुडाचा, लांब मानेचा चंबू. बूड गोल म्हणून तो गवताच्या चुंबळीवर ठेवतात. उकळून, गाळ खाली बसू देऊन, वीतभर उंचीवरून एकसंध धार कानाच्या नसलेल्या वाट्यांमध्ये. एकही थेंब बाहेर नाही. सोबत मक्याच्या लाह्या आणि भाजलेले सातू.

फेऱ्या तीन. त्याच पुडीवर पुन्हा पुन्हा पाणी घालून, प्रत्येक वेळी फिकी. पहिलीचं नाव अबोल. दुसरी टोना. तिसरी बरका. ड्रायव्हरने नावं सांगितली आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो. मराठी माणसाला यात भाषांतराची गरजच काय? अबोल फेरीत मात्र सगळे एकदम बोलत होते. भाव, पाऊस, कुणाच्या मुलीचं लग्न. तिसरी न घेता उठणं म्हणजे घरावर आलेली बरकत नाकारणं. अरबीतला बरका आणि आपली बरकत एकच. तासाभराने ती फिकी तिसरी वाटी आली तेव्हा चहाबाज नवऱ्याने दोन्ही हात पुढे केले.

निघताना मी पर्समधलं पुण्याचं पाकीट बाईंना दाखवलं. त्यातल्या फिक्या तपकिरी दाण्यांतला एक त्यांनी हातात घेतला, दाताखाली फोडला आणि सुनेला काहीतरी म्हणाल्या. ड्रायव्हर सांगायला तयार होईना. फारच खोदल्यावर म्हणाला, "त्या म्हणतात, कच्ची राहिली."

दिवस सहावा : परत अदिस

पहाटे बाराला, म्हणजे आपल्या सहाला, निघालो. आता चूक नाही. चारशे किलोमीटर, सगळा दिवस.

दिवस सातवा : अदिस आणि घरी

विमान रात्रीचं. सकाळी एका निर्यातदाराची गिरणी बघायला मिळाली. डोंगरावरून आलेल्या बियांचं टरफल इथे निघतं, यंत्रं आकार आणि रंगाप्रमाणे दाणे निवडतात आणि शेवटी पट्ट्याशी बसलेल्या बायका हाताने. 300 ग्रॅमच्या नमुन्यात तीनपर्यंत दोष, तर ग्रेड 1. मग चव घेणाऱ्यांची खोली. चमच्याने सुर्रकन ओढायची, तोंडात फिरवायची, थुंकायची. आमच्या घरी असं सुर्र केलं तर आई डोळे वटारायची. पण त्या एका सुर्रमध्ये माझी ओळखीची चव सापडली. जाईचं फूल, लिंबाच्या सालीचा वास, काळ्या चहाचा हलकेपणा. नवरा म्हणाला, "हा चहाच आहे की." तोंड भरलेलं, त्यामुळे मी वाद घातला नाही.

2008 मध्ये इथे शेतमालाची बाजारपेठ उघडली आणि बहुतेक कॉफी तिथून जाऊ लागली. पोत्यावर प्रदेश आणि प्रत यांची नोंद असायची, पण कोणत्या केंद्राची हे नाव वाटेत पुसलं जायचं. 2017 पासून नियम सैल झाले, म्हणून आता पाकिटांवर कोंगा, इदिदो, अरिचा अशी गावं दिसतात. मोठ्या नावांसाठी तर इथिओपियाच्या सरकारने 2005 मध्ये अमेरिकेत सिदामो, हरार आणि यिर्गाचेफे या व्यापारचिन्हांसाठी अर्ज केले आणि स्टारबक्सबरोबरचा वाद 2007 मध्ये करार होऊन मिटला. हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं 2018 मध्ये, तरी मार्चात पुण्याच्या रस्त्यावर 'देवगड' म्हणून काय काय विकलं जातं ते मी बघतेच.

पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला वेचून काढलेल्या दाण्यांची पोती होती. फुटके, किडके, डागी. त्यांचं काय करता? हा माल देशात विकला जातो, निर्यातीच्या प्रतीचा इथे विकायला तेव्हा परवानगी नव्हती. पिकाचा जवळपास अर्धा भाग हा देश स्वतःच पितो, आणि शहरातल्या बाजारात येतो तो बराचसा असा. रस्त्यावरच्या त्या बाईच्या शेगडीवर बहुधा हेच दाणे होते. आमच्याकडेही पेटी भरून गेल्यावर उरलेला, देठ मोडलेला, डाग पडलेला आंबा घरात येतो. त्याचा रस काढताना आई जेवढं लक्ष घालते, तेवढं पेटी भरताना कुणी घालत नाही. गवत पसरून, धूप घालून, तीन फेऱ्या करून, एक थेंब न सांडता प्यायली जाते ती कॉफी इथेच राहते. बाहेर जाते ती फुलांच्या वासाची, मोजून, तोलून, थुंकून बघितलेली.

मेर्काटोच्या बाजारातून जेबेना घेतला. नवऱ्याच्या दोन स्वेटरांत गुंडाळून हातातल्या बॅगेत.

मुंबईत पहाटे उतरलो, दुपारी पुणे. जेबेना धड होता, मानेला टवकाही नाही. चुंबळ मात्र हॉटेलच्या खोलीत राहिली आणि चंबू ओट्यावर काही केल्या उभा राहीना. शेवटी जुन्या सुती साडीचा पदर फाडला आणि आई कळशीखाली करायची तशी चुंबळ वळली. नवरा चहा ढवळत बघत होता. म्हणाला, "आता दाणे जरा काळे होऊ दे."